पावाच्या खिळ्यावरचा फोन

बुअज्जाचं वाळक्या पावांनी भरलेलं छप्पर, त्यातला त्याचा एकुलता एक मेंढा आणि कदाचित खुद्द बुअज्जासुद्धा त्या मंगळवारी जळून जायचा होता. आणि ते कुणामुळे? तर आमच्या गल्लीतल्या सगळ्यात सावध माणसामुळे! एखाद्या धांदरटाने असला घोळ घातला असता तर मी समजू शकलो असतो. पण सी अल्लाल! विझलेली काडी दोनदा पाण्यात बुडवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, ते सी अल्लाल!

मी जिलाली. गल्लीच्या तोंडाशी भट्टी आहे, ती माझी. घराघरातून मळलेली कणीक फळीवर मांडून माझ्याकडे येते आणि पाव होऊन परत जाते. मोरोक्कोत, मेक्नेसच्या जुन्या शहरात आता अशा भट्ट्या मोजक्याच उरल्यात, पण ते रडगाणं इथे नको. सांगायचं एवढंच, की एकोणतीस वर्षं मी लोकांना त्यांच्या पावांवरून ओळखतो. लल्ला तामूचा पाव एका बाजूला कललेला, कारण थापताना त्यांचं लक्ष समोरच्या खिडकीत. घिझलानचा पाव घाईचा, कडा फाटलेला. आणि सी अल्लालचे चार पाव, चारही एकाच मापाचे, प्रत्येकावर काट्याने टोचलेली सात भोकं. सहा नाहीत, आठ नाहीत. मी एकदा मुद्दाम एका पावाला आठवं भोक पाडून परत पाठवलं होतं. संध्याकाळी पाव हातात घेऊन आले. "मालेम, हा माझा नाही," म्हणाले. माझं नाव जिलाली आहे, पण आमच्याकडे मान द्यायचा तर पुरुषाला 'सी', बाईला 'लल्ला' आणि भट्टीवाल्याला 'मालेम', म्हणजे उस्ताद, म्हणतात.

छत्तीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीत पत्रं निवडली. समोर भिंतभर लाकडी खाने, हातात पत्र, पत्ता बघायचा आणि खान्यात टाकायचं. नोकरी सुटली पण खाने सुटले नाहीत. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक खाना असतो आणि ती त्याच खान्यात जायला हवी, असं त्यांचं ठाम मत. लग्न केलं नाही. लल्ला तामू म्हणतात, बायकोला कुठल्या खान्यात घालायचं ते ठरेना, म्हणून राहिलं. लल्ला तामू त्यांच्या दारासमोर राहतात आणि असलं काहीतरी नेमकं ते जिना उतरत असताना म्हणतात.

निवृत्त झाल्याबरोबर सी अल्लालनी गल्लीतल्या सामाईक दारापाशी तीन खिळे ठोकले. प्रत्येकाखाली सुंदर अक्षरात पाटी. पहिली 'काच'. दुसरी 'लिहिलेलं', म्हणजे छापील आणि हाताने लिहिलेले कागद, कारण त्यात कुठे अल्लाचं नाव असलं आणि ते पायदळी गेलं तर? तिसरी 'पाव'. शिळा पाव कचऱ्यात टाकायचा नाही, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जो तो आपल्या दाराच्या कडीला पिशवी अडकवायचा. सी अल्लालनी त्याला खिळा दिला, एवढंच.

हा पाव न्यायला रोज सकाळी सात वाजता बुअज्जा यायचा. आडदांड, डोंगराकडचा, फावड्याएवढे हात. तीन चाकांची ढकलगाडी, तिच्यावर गोण्या. "सलाम" म्हणणार, पिशव्या गोणीत रिकाम्या न करता तशाच कोंबणार आणि पुढे जाणार. वेशीबाहेर ओढ्यापलीकडे त्याचं छप्पर आहे. तिथे तो पाव गोणीसकट मोगरीने कुटतो, मग उन्हात कडकडीत वाळवतो आणि मेंढ्यावाल्यांना देतो. बारा वर्षं लोकांच्या मेंढ्यांना चारलं. यंदा पहिल्यांदाच मोठ्या ईदसाठी त्याने स्वतःचा एक मेंढा पाळला होता. नाव ठेवलं होतं बाशा. भट्टीसमोरून जाताना गाडी थांबवून बाशाची तब्येत तेवढी सांगायचा. एरवी त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे दगडातून पाणी काढण्यातला प्रकार.

सी अल्लाल आणि बुअज्जा बारा वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. सात वाजता सी अल्लाल वर चहा घेत असत, आणि बोलायची गरज काय? ते पिशवीला चिठ्ठी बांधत. रोज एक चिठ्ठी, टपालाच्या सुतळीने, टपालाची गाठ मारून.

"रोज एवढं काय लिहिता, सी अल्लाल?" मी एकदा विचारलं.

"सूचना," ते म्हणाले. "माल घेणाऱ्याला लेखी काही नको का?"

लेखी! हा त्यांचा जप. कुणी काही सांगितलं की पहिला प्रश्न, "लेखी आहे का?" डॉक्टरने मीठ कमी करा म्हटलं, तर लेखी आहे का? मी म्हटलं उद्या भट्टी बंद, तर लेखी आहे का? शेवटी मी कोळशाने दारावर लिहायला लागलो.

तर त्यांचा फोन. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी दिलेला. नऊ वर्षं त्यांनी तो फुलासारखा जपला. आत संपूर्ण कुराण भरून घेतलेलं, आणि पाच वेळा अजान व्हायची, तीही मशिदीच्या आधी अर्धा मिनिट. त्यावरून इमामसाहेबांशी त्यांचा एक जुना वाद आहे, तो जाऊ दे. ईदला तीन आठवडे असताना एका दुपारी ते भट्टीवर आले आणि फोन रुमालात गुंडाळलेला माझ्यापुढे धरला. पाठीचं झाकण उचललं गेलं होतं. आतली बॅटरी टम्म फुगून बाहेर डोकावत होती.

"अरे वा," मी म्हटलं, "यीस्ट जास्त पडलं!"

ते हसले नाहीत. "मालेम, ओल धरली असावी. तुमच्या भट्टीच्या वरच्या कट्ट्यावर रात्रभर ठेवला तर सुकेल का?"

"माझ्या भट्टीवर पाव भाजतात, फोन नाही! न्या तो."

आता खरं ते सांगतो. एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, हा माझा रोग आहे. मी म्हटलं, "सुकवायला कशाला हवा? काटा घ्या, टोचा. पाव फुगू नये म्हणून टोचताच ना? सात भोकं पाडा, वाफ जाईल, बसेल खाली."

लल्ला तामू आपली फळी घेऊन उभ्याच होत्या. "बरोबर आहे मालेमचं," त्या म्हणाल्या. "माझी विणायची सुई देते. काट्यापेक्षा बारीक जाते."

आम्हा दोन शहाण्यांकडे सी अल्लालनी आळीपाळीने पाहिलं. "लेखी आहे का?"

"कसलं लेखी! टोचायला कागद लागतो होय?"

"मग नको," म्हणाले आणि रुमाल गुंडाळून गेले. मी आणि लल्ला तामू पोट धरधरून हसलो. त्या माणसाच्या या एका खोडीने त्याचे हात आणि तोंड वाचवलं, हे आम्हाला चार दिवसांनी कळायचं होतं.

फोन दुरुस्त करणारी घिझलान असती तर हे सगळं घडलंच नसतं. तिची टपरी माझ्या भट्टीपासून दहा पावलांवर. पण ती गेली होती मावसबहिणीच्या लग्नाला खेनिफ्राला, आणि आमच्याकडची लग्नं काही एका दिवसात उरकत नाहीत. सी अल्लाल चार दिवस रुमाल घेऊन फिरले. कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, टाका मागे. सी अल्लालनी गाडीच्या मागे जाऊन पाहिलं, तिथे लोखंडी जबडा कचरा दाबून चपटा करत होता. "फुगलेली वस्तू दाबायची?" असं म्हणून परत आले. आणि शिवाय त्यात कुराण. मग इमामसाहेबांकडे गेले. फाटलेलं कुराण आपण पुरतो, तसा हा पुरावा का? इमामसाहेब म्हणाले, "फोन बंद असला की त्यात अक्षर दिसत नाही, तेव्हा तसं बघितलं तर तो काच आणि पत्रा. पण मन मानत नसेल तर कचऱ्यात नका टाकू, एखाद्या स्वच्छ जागी ठेवा."

स्वच्छ जागी! सी अल्लालच्या डोक्यात दिवा पेटला. आमच्या दारापाशी कचऱ्यात जायचं नाही अशा वस्तूंची एक जागा होतीच की. काचेच्या खिळ्यावर? नको, हातबित कापेल कुणाचा. कागदाच्या? कागद पेटतो. मग उरला कुठला खिळा?

मंगळवारी सकाळी नवाच्या सुमाराला घिझलान फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर आली, हातांवर लग्नाची मेंदी. मी तिला आल्या आल्या गंमत सांगायला घेतली. सी अल्लालचा फोन, यीस्ट, काटा, सात भोकं. मला वाटलं हसेल. तिने फळी धाडकन कट्ट्यावर ठेवली.

"टोचला?" तिने विचारलं.

"नाही. लेखी नव्हतं ना!"

"अल्लाची कृपा! मालेम, तुम्हाला काही समजतं का? ती वाफ नाही. आत गॅस झालेला असतो. टोचली, दाबली, ठोकली, तापवली तर एका क्षणात भडका उडतो, आणि तो पाणी मारून असा सहज विझत नाही. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला काटा टोचायला सांगितलात?"

"लल्ला तामूंनी सुई देऊ केली होती," मी म्हटलं. एकट्याने का ऐकून घ्यायचं?

तेवढ्यात सी अल्लालच आले, चार पावांची फळी घेऊन, चेहऱ्यावर कसं समाधान. घिझलानने विचारलं, फोन कुठे आहे?

"रवाना केला," ते म्हणाले. "कचऱ्यात नाही हं. स्वच्छ पिशवीत, स्वच्छ कापडात, पावाच्या खिळ्यावर. सोबत लेखी सूचना. सात वाजता नेला बुअज्जाने."

मला पहिल्यांदा हसू आलं. मग डोळ्यांपुढे बुअज्जाची मोगरी आली. तो पिशव्या उघडत नाही. गोणीसकट कुटतो. आणि भोवताली सगळा कडकडीत वाळलेला पाव, आणि कोपऱ्यात बांधलेला बाशा.

"कुटायला कधी घेतो तो?" घिझलानने विचारलं.

"फेरी संपली की. दहाच्या आत," मी म्हटलं.

"मग फोन लावा त्याला!"

आम्ही तिघांनी एकमेकांची तोंडं पाहिली. बारा वर्षं तो माणूस रोज आमच्या दारात येत होता, आणि आख्ख्या गल्लीत एकाकडे त्याचा नंबर नव्हता. कुणाला कधी लागलाच नव्हता.

"भट्टीत वाळू आहे ना?" घिझलान म्हणाली. "कोरडी?"

भट्टीची लादी बसवायला आणलेली बादलीभर होती. ती घेतली. आणि मी माझं उलथनं घेतलं, पाव आत सरकवायचं, सहा हात लांब दांड्याचं. "लल्ला तामू, आतले पाव बघा!" एवढं ओरडलो आणि निघालो. भट्टीत त्या वेळी अकरा घरांचे पाव होते. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी भरलेली भट्टी सोडली.

नाक्यावर निळी टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाला उलथनं बघून म्हणाला, "हे आत नाही यायचं."

"मग बाहेर येऊ दे!" मी म्हटलं आणि दांडा खिडकीतून बाहेर काढला. रस्ताभर गाढवं आणि माणसं बाजूला होत होती. सी अल्लाल बादली मांडीवर घेऊन मागे बसले होते. घिझलानचे प्रश्न संपत नव्हते.

"फुगलेलं दिसल्यावर चार्जिंगला लावला होतात का?"

"फक्त अजानपुरता," सी अल्लाल पुटपुटले.

"अजानपुरता!" तिने कपाळावर हात मारला. "सी अल्लाल, फुगला की संपला. बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, उघडायचा नाही, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात एकटा ठेवायचा आणि माझ्याकडे आणायचा. इतकंच होतं."

"कुणी लेखी..." त्यांनी सुरुवात केली आणि बादली घट्ट धरली.

ओढ्याच्या पुलापलीकडे टॅक्सी जात नाही. उतरलो, आणि उतरल्या उतरल्या ऐकू आलं. धप्. धप्. धप्. मी साठीचा, गुडघे भट्टीपुढे बसून गेलेले. घिझलानच्या हातात आता बादली. आणि आमच्या दोघांच्या पुढून, पिवळ्या चपला हातात घेऊन, अनवाणी, सत्तरी ओलांडलेले सी अल्लाल पळत सुटले! ज्या माणसाने कधी जिन्यावरून हाकसुद्धा मारली नाही, तो माणूस ओढ्याकाठी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, "बुअज्जाss! थांब! हात थांबव!"

धप् थांबलं.

आत गेलो तर बुअज्जा मोगरी डोक्यावर उचलून तसाच उभा. कोपऱ्यात बाशा चरत होता, गलेलठ्ठ, त्याला कशाची फिकीर नाही. बुअज्जाने आधी सी अल्लालकडे पाहिलं, मग माझ्या उलथन्याकडे. "काय झालं? कुणी गेलं का?"

"गोणी," घिझलान म्हणाली. "आमच्या दारची गोणी कुठली? कुटलीत का?"

"ही काय, आत्ताच घेतली. दोनचार घाव घातलेत."

तिने आम्हाला मागे सरकवलं, गोणीचं तोंड सोडलं आणि एकेक पिशवी अलगद बाहेर काढायला लागली. चौथी पिशवी सी अल्लालची. पांढरी, आत इस्त्री केलेल्या कापडात गुंडाळलेला फोन, सुतळी, टपालाची गाठ. एका कोपऱ्याला मोगरीचा घाव बसला होता. गोडसर, औषधी वास येत होता. "तापतोय," ती म्हणाली. "मालेम, तुमचं ते आणा."

हे मात्र मला येतं. पेटत्या भट्टीतून पाव कसा काढायचा हे मला कुणी शिकवायला नको. उलथनं खाली सरकवलं, फोन कापडासकट त्यावर घेतला, सहा हात लांब धरून छपराबाहेर नेला आणि उघड्यावर, घिझलानने जमिनीवर ओतलेल्या अर्ध्या बादली वाळूवर हळूच ठेवला. घिझलानने वरून उरलेली वाळू ओतली. वाळूतून धुराची एक बारीक रेघ वर आली. आम्ही चौघं लांब उभं राहून तिच्याकडे बघत राहिलो. मग ती विरली. पुन्हा आली नाही.

"तासभर कुणी हात लावायचा नाही," घिझलान म्हणाली. मग ती एका दगडावर बसली आणि मेंदीच्या हातांवरची वाळू झटकायला लागली.

बुअज्जाला सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी बाशाकडे पाहिलं. मग मोगरी भिंतीला टेकवली. सी अल्लालना बोलल्याशिवाय राहवेना. त्यांनी पिशवीची चिठ्ठी उचलून त्याच्यापुढे धरली. "पण हे बघ ना! मी लिहिलं होतं. 'यात पाव नाही, फोन आहे. पवित्र आहे आणि बिघडलेला आहे. दाबू नये, टोचू नये, गुरांना घालू नये. योग्य ठिकाणी पोचवावा.' सगळं स्पष्ट आहे! तू वाचलं का नाहीस?"

एक अक्षर चुकलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. घिझलान जे सांगत होती तेच.

बुअज्जा शांतपणे म्हणाला, "मला वाचता येत नाही, सी अल्लाल."

सी अल्लालचा हात तसाच पुढे राहिला.

"बारा वर्षांत तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी उलथन्याचा दांडा पुसायला लागलो. शेवटी सी अल्लालनी अगदी लहान आवाजात विचारलं, "मग इतक्या चिठ्ठ्यांचं केलंस काय?"

बुअज्जाने छपराच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. दगडांची भिंत, चुना न लावलेली. आणि दगडांमधल्या फटीफटीत, गुडघ्यापासून ते बुअज्जाचा हात पोचेल तिथपर्यंत, घडी घातलेले कागद. हजारो. काही पिवळे पडलेले, काही कालचे. प्रत्येक घडी बोटाने नीट दाबून बसवलेली.

"लिहिलेलं टाकायचं कसं?" तो म्हणाला. "आत अल्लाचं नाव असलं तर? आणि हे बघा, माणूस रोज उठून मला काहीतरी लिहितोय. मला आयुष्यात दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. म्हणजे काही चांगलंच लिहीत असणार. फेकवेना." मग जरा लाजून म्हणाला, "तास काढायचाच आहे तर एखादी वाचून दाखवा ना."

सी अल्लाल भिंतीपाशी गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो, कारण मला राहवत नाही. त्यांनी एक कागद काढला, उलगडला. मी खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं: 'काल पिशवी ओढताना खिळा वाकवलास. पुन्हा असे होता कामा नये.'

सी अल्लालनी घसा साफ केला. "बुअज्जा," ते वाचायला लागले, "आज पावात बडीशेप आहे. मेंढ्यांना आवडेल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आवडते हो बडीशेप त्यांना," बुअज्जा म्हणाला. "दुसरी?"

दुसरीत लिहिलं होतं: 'तुझ्या गाडीचे चाक कुरकुरते. तेल घाल. लोक झोपलेले असतात.' सी अल्लाल वाचत होते, "तुझ्या गाडीच्या चाकाचा आवाज आला की कळतं, सकाळ झाली."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमची गल्ली जाणते. पण अल्लाची शपथ, मी एक शब्द काढला नाही.

तिसरी खालच्या फटीत होती, जुनी, दुमडून दुमडून कापडासारखी झालेली. त्यात होतं: 'तीन दिवस आला नाहीस. पाव सडला. येणार नसल्यास कळवण्याची पद्धत असते.' सी अल्लालनी तिच्यावरची दुमड बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "तीन दिवस दिसला नाहीस. घरी सगळं ठीक आहे ना?"

बुअज्जा खाली बसला, बाशाच्या पाठीवर हात ठेवला. "तेव्हा माझी आई गेली होती," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, गल्लीतल्या कुणालाच पत्ता नाही. तुम्ही विचारलं होतंत तर."

सी अल्लालनी पुढची चिठ्ठी काढली नाही. कागदाची घडी त्यांनी घातली, पण ती टपालासारखी सरळ आली नाही. परत त्याच फटीत खोचली.

तास झाला. फोन गार होता. घिझलानने तो वाळूसकट पत्र्याच्या डब्यात घातला, झाकण सैलच ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आणि सी अल्लाल तो घेऊन नव्या शहरात गेले, जुने फोन आणि बॅटऱ्या गोळा करतात तिथे. सी अल्लालनी शिक्क्याची पावती मागितली. तिथल्या माणसाने असं काही नसतं म्हणून सांगितल्यावर ते खिडकीपाशी पाऊण तास उभे राहिले. पावती मिळाली. घिझलान अजून त्यांच्यासोबत कुठे जायला तयार नाही.

आता तिच्या टपरीत, दारापासून लांब, वाळू भरलेला एक डबा असतो. त्यावर सी अल्लालच्या हातची पाटी आहे, 'फुगलेले'. आणि वाचता न येणाऱ्यांसाठी म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा चित्र काढलंय, फुगलेल्या फोनचं. ते हुबेहूब पावासारखं दिसतं. लल्ला तामू पहिल्याच दिवशी त्यात शिळा पाव टाकून आल्या.

हो, लल्ला तामू. त्या दिवशी त्यांनी माझ्या भट्टीतले अकरा घरांचे पाव बघितले. नुसते बघितले, काढले नाहीत. समोरच्या खिडकीत काहीतरी चाललं होतं म्हणे. सगळे कोळसा. गल्लीने महिनाभर मला त्यावरून सळो की पळो केलं. करपलेलं खरवडून उरलेलं सगळं बाशाला गेलं. इतका मातला की बुअज्जाला दोरी बदलावी लागली.

सी अल्लालनी नवा फोन घेतला. त्यात पहिला नंबर बुअज्जाचा आहे. चिठ्ठी अजून रोज लिहितात, तीच सुतळी, तीच गाठ. फक्त सात वाजता चहा अर्धा टाकून चपला घालून खाली येतात आणि बुअज्जाच्या गाडीपाशी उभं राहून ती त्याला वाचून दाखवतात. मी भट्टीतून बघतो. कागदावर लिहिलेलं आणि ते वाचतात ते एकच असतं का, हे बघायला मी आता जवळ जात नाही.